वजन उतरलं, श्रेय कोणाचं?

आमच्या सिंदीत (रेल्वे) कुणाचं वजन कमी झालं की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, आवाज खाली आणून : "काहून रे, शुगर निघाली काय?" आणि शुगर नाही हे कळल्यावर दुसरा, आवाज वर नेऊन : "मंग कसं केलं बाप्पा, सांग ना!"

गेल्या दहा महिन्यांत हे दोन्ही प्रश्न मी किराणा दुकानात ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले, नागपूरच्या गाडीची वाट पाहताना फलाटावरही ऐकले. माझं वजन ८८ किलोवरून ७६ वर आलं. त्यासाठी मी जे केलं ते तीन ओळींत संपतं. रोज पहाटे ४५ मिनिटं चालणं. चहातली साखर बंद. मिठाई, बिस्किटं, थंड पेयं जवळपास बंद. माझं काम घरून चालतं, मी सॉफ्टवेअर लिहितो, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात. त्यामुळे चालणं गरजेचंच होतं. यापुढे सांगण्यासारखं गुपित काही नाही.

हे ऐकून लोक थोडे हिरमुसतात आणि मग स्वतःच एक निष्कर्ष काढतात. "मनावर ताबा पाहिजे भाऊ. सगळ्यांच्यानं नाही होत." हा लेख या वाक्याबद्दल आहे. कारण त्यात माझ्या शरीराबद्दल काहीच म्हटलेलं नाही. ते माझ्या चारित्र्याबद्दल आहे. वजनकाट्यावरचा आकडा बघून लोक मला चांगल्या वागणुकीचा दाखला देऊन टाकतात. तो दाखला खरा आहे का, एवढंच मला तपासायचं आहे.

तपासायचं कारण माझी ताई.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. सासर गावातच, दोन गल्ल्या सोडून. आम्ही दोघांनी चालणं एकाच दिवशी सुरू केलं. पावणेसहाला ती कोपऱ्यावर येते, आम्ही सेलडोहच्या रस्त्यानं निघतो आणि साडेसहाला परत. तिनंही साखर सोडली. खरं सांगायचं तर तिनं माझ्यापेक्षा जास्त सोडलं, कारण तिच्या घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, घरात खाऊचे डबे भरलेले असतात आणि ते भरतेही तीच. रोज स्वतःच्या हातानं डबा उघडून दुसऱ्याला द्यायचं आणि झाकण लावायचं, हे मला कधी करावं लागलं नाही. दहा महिन्यांनी माझे १२ किलो कमी झाले. तिचे अडीच. ७४ वरून साडेएकाहत्तर.

रस्ता तोच, वेळ तीच, सोडलेले पदार्थ तेच. पण गावानं आम्हाला दोन वेगवेगळे निकाल दिले. मला "जिद्दी पोरगा आहे" आणि तिला "भाऊ पाहा कसा झाला, तू नुसतीच फिरून राहिली काय?" बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यांना जे दिसतं त्यावरून ती न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतात. वजन उतरलं म्हणजे संयम असणार, नाही उतरलं म्हणजे चोरून खात असणार. तर्क सरळ वाटतो. प्रश्न इतकाच की तो बरोबर आहे का.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. एखाद्या फंक्शनला तुम्ही तेच इनपुट दोनदा दिलं आणि आउटपुट वेगवेगळं आलं, तर प्रोग्रामर इनपुट देणाऱ्याला शिव्या घालत नाही. तो समजतो की आत कुठेतरी लपलेली स्थिती आहे, जी आपल्याला दिसत नाही. शरीर हे असंच लपलेल्या स्थितीनं भरलेलं यंत्र आहे. ताईला बाळंतपणानंतर थायरॉइडची गोळी सुरू झाली. तिची झोप पाच-साडेपाच तासांची. माझी सात तासांची. ही झाली आम्हाला माहीत असलेली स्थिती. माहीत नसलेली किती, कोण जाणे.

याचा एक फार स्पष्ट पुरावा आहे. कॅनडातल्या क्लोद बुशार या संशोधकानं १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या घेतल्या. त्यांना १०० दिवसांच्या काळात आठवड्यातले सहा दिवस गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सगळ्यांना जास्तीचं खाणं सारखंच, सगळ्यांवर देखरेख सारखीच. म्हणजे कुणी चोरून खाल्लं हा आरोप करायला जागाच नाही. तरी कुणाचं वजन ४ किलोच्या थोडं वर वाढलं, तर कुणाचं १३ किलोच्या वर. गंमत अशी की जुळ्या भावांचे आकडे एकमेकांच्या जवळ होते, पण एका जोडीचा आकडा दुसऱ्या जोडीपासून खूप लांब. जास्तीचं अन्न तेच, पण शरीरानं त्याचं काय केलं हे बऱ्याच अंशी जन्मासोबत आलेलं होतं.

आता हाच हिशेब उलटा करून पाहा. तेच अन्न कमी केलं तर सगळ्यांचं वजन सारखंच उतरेल, असं मानायला काय आधार आहे?

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या कोड्याला नाव आहे : नैतिक नशीब. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी १९७६ मध्ये यावर निबंध लिहिले. नेगेलचं एक उदाहरण आपल्या रस्त्यांना चपखल लागू पडतं. एक ट्रकवाला ब्रेक तपासून घेण्यात हयगय करतो. अचानक एक मूल रस्त्यावर येतं आणि ट्रकखाली सापडतं. तशीच हयगय करणारा दुसरा ट्रकवाला त्या दिवशी सुखरूप घरी पोचतो, कारण त्याच्या वाटेत मूल आलं नाही. हयगय दोघांची सारखी. पण एकाला आपण आयुष्यभर दोषी धरतो आणि दुसऱ्याची कुणी चौकशीही करत नाही. माणसाला फक्त त्याच्या हातातल्या गोष्टींसाठी जबाबदार धरावं, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात मात्र आपण निकालासाठी जबाबदार धरतो, आणि निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो.

सेलडोहच्या रस्त्यावर चालणारे आम्ही दोघं त्या दोन ट्रकवाल्यांसारखे आहोत, फक्त उलट्या बाजूनं. मेहनत दोघांची सारखी. हार एकाच्याच गळ्यात.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. कर्मावर आपला अधिकार आहे, फळावर नाही, हे गीतेचं सांगणं आपण लहानपणापासून ऐकतो. परीक्षेत नापास झालेल्या पोराचं सांत्वन करायला ते फार वापरलं जातं. पण त्याची दुसरी बाजू आपण सोयीनं विसरतो. फळावर अधिकार नसेल, तर फळ मिळाल्यावर ते आपल्या कर्तृत्वाचा पुरावा म्हणून मिरवण्याचाही अधिकार नाही. सांत्वनाला गीता आणि सत्काराला काटा, असं चालायचं नाही.

पण मग लगेच एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. सगळं नशीबच असेल तर चालायचं कशाला? पहाटे उठायचं कशाला? "आमच्या घराण्यातच जाडी आहे" असं म्हणून जिलेबी घ्यावी आणि झोपावं. मी जे म्हणतोय त्यातून आळसाला चांगलीच सबब मिळते.

याला उत्तर देण्याआधी जरा आकड्यांकडे पाहू. माझ्यासारख्या ऐंशी किलोच्या आसपासच्या माणसानं ४५ मिनिटांत साधारण साडेचार किलोमीटर चाललं, तर अंदाजे २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी. आमच्या भागातल्या एका कप चहात सहज १० ग्रॅम साखर असते, आणि खुर्चीवर बसून काम करणारा माणूस दिवसात पाच कप पितो. झाल्या ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. पहाटेची सगळी पायपीट पाच कप चहाच्या साखरेत विरघळते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेचा १० टक्क्यांपेक्षा कमी भाग यावा, आणि तो ५ टक्क्यांच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या, खाली गेला तर आणखी चांगलं. आमच्याकडे ही मर्यादा अकराचा चहा होईपर्यंत ओलांडलेली असते. जे रोज दहा हजार पावलांचं लक्ष्य फोनवर पाळतात त्यांच्यासाठी अजून एक : तो आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. तिथून तो जगभर पसरला.

म्हणजे वजनाच्या बाबतीत चालणं हे लहान कारण आहे आणि साखर मोठं. पण चालण्याचा उपयोग वजनापुरता आहे, हे कुणी ठरवलं? ताईच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, जिला एचबीएवनसी म्हणतात, सुरुवातीला ६.१ होती. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. दहा महिन्यांनी तिची ५.६ आली. ती उंबरठ्यावरून मागे आली. आमच्या आजीला याच आजारानं शेवटची दोन वर्षं एका पायावर काढावी लागली. त्यामुळे या अर्ध्या अंकाची किंमत आमच्या घरात माझ्या बारा किलोंपेक्षा जास्त आहे. पण ती कुणाला दिसत नाही. रक्ताचा रिपोर्ट पंगतीत दिसत नाही, पोट दिसतं.

तर आक्षेपाचं उत्तर असं. एखादी गोष्ट करण्याचं कारण असणं वेगळं आणि ती केल्याबद्दल मिरवण्याचा हक्क असणं वेगळं. चालण्याला आणि साखर कमी करण्याला भरपूर कारणं आहेत, आणि ती नशिबानं रद्द होत नाहीत. पाऊस आपल्या हातात नाही म्हणून आमच्याकडचा शेतकरी कापूस पेरायचं सोडत नाही. पण भरघोस पीक आलं म्हणून शेजाऱ्याच्या वाळलेल्या धुऱ्याकडे बघून "त्याला शेतीच जमत नाही" असं म्हणणारा शेतकरी गावाला आवडतही नाही. शेतीबद्दल आपल्याला हे शहाणपण आहे. शरीराबद्दल नाही.

आणि मेहनतीचं श्रेय तरी पूर्ण माझं आहे का? मी पहाटे चालू शकतो, कारण माझी पहिली मीटिंग दहाला असते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मी दिवसभर कूलरसमोर असतो, त्यामुळे पहाटे अंगात ताकद उरलेली असते. मी एकटा पुरुष आहे. अंधारात कुठल्याही रस्त्यानं निघालो तर कुणी विचारत नाही. ताई एकटी निघत नाही. मी कामासाठी चार दिवस पुण्याला गेलो की तिचं चालणं चार दिवस बंद. तिच्या इच्छाशक्तीत खोट नाही. त्या रस्त्यावरचे अर्धे दिवे लागत नाहीत, ही खरी अडचण आहे.

त्याच रस्त्यावर कापसाच्या दिवसांत वेचणीला निघालेल्या बाया भेटतात. डब्याची पिशवी हातात, डोक्याला रुमाल, वेचलेल्या कापसाची ओटी बांधायला जुनं लुगडं. त्या आमच्यापेक्षा जास्त चालतात आणि नंतर दिवसभर वाकून काम करतात. त्यांना अजून कुणी म्हटलं नाही की वा, काय जिद्द आहे. त्यांच्या चालण्याला व्यायाम म्हणत नाहीत, कारण ते त्यांनी निवडलेलं नाही. त्यांच्या सडपातळ अंगाला संयम म्हणत नाहीत, कारण तिथे सोडायला मिठाईच नव्हती. आजोबांच्या काळात सुटलेलं पोट हे 'खात्यापित्या घरचं' लक्षण होतं आणि लोक त्यालाही मान देत. आज सपाट पोट हे लक्षण आहे. पोटाची दिशा बदलली, पण मान मिळणारं घर बदललं नाही. ज्याच्याकडे निवडायची सोय आहे, त्याच्याच शरीरात आपण गुण पाहतो.

मधुमेहाचा विषय निघाला की आमच्या भागात दोन डॉक्टरांची नावं येतातच. काटोलचे आमदार राहिलेले डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून आणि त्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे घराघरांत पोचलेली पद्धत : दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत, गोड टाळायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मी ती पूर्ण पाळत नाही, पण तिच्यातली एक गोष्ट मला आवडते. तिला पैसे लागत नाहीत. जिम, पावडर, मशीन काही नाही. ज्या गावात जिम नाही तिथेही ती करता येते. नैतिकदृष्ट्या ही लहान गोष्ट नाही. उपाय जितका फुकट, तितकं त्यातलं नशीब कमी.

याच जिल्ह्यात चालणं आणि खाणं या दोन्हींचा फार मोठा विचार झालेला आहे. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. आश्रमाच्या अकरा व्रतांत एक होतं अस्वाद. अन्न शरीरासाठी घ्यायचं, जिभेसाठी नाही. आणि विनोबा १९५१ च्या मार्चमध्ये इथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीपर्यंत चालत गेले. पुढे त्याच भागात १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं, आणि मग ते वर्षानुवर्षं चालतच राहिले. या दोघांनी चालताना आणि सोडताना काट्यावर डोळा ठेवला नव्हता. १९३९ मधल्या नोंदीप्रमाणे गांधीजींचं वजन ४६.७ किलो होतं, बीएमआय १७.१. माझ्या फोनमधल्या ॲपला विचारलं तर ते लाल खूण करून 'वजन कमी आहे' असं सांगेल. अस्वाद हे व्रत होतं, डाएट नव्हतं. फरक एवढाच की व्रताचं माप व्रतातच असतं. ते पाळलं की पूर्ण झालं. डाएटचं माप बाहेर असतं, काट्यावर, आणि काट्यावर नशीबही बसलेलं असतं.

तरीही अस्वाद मला पूर्ण पटत नाही, आणि त्याचं कारणही इथलंच आहे. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याची ओळख असलेला पदार्थ म्हणजे तुपात माखलेला गोरसपाक. वर्ध्याहून येणारा पाहुणा तो आणल्याशिवाय येत नाही. सिंदीचा तान्हा पोळा तर लांबून लोक पाहायला येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल सजवून निघतात, घरोघरी बोजारा घेतात. त्या दिवशी शेजारची आजी पुरणाची पोळी ताटात वाढते तेव्हा ती ३०० कॅलरी वाढत नसते. "तू आमचा आहेस" एवढंच ती त्या पोळीतून म्हणत असते. "मी गोड सोडलं" असं सांगून ताट सरकवणं म्हणजे त्या वाक्याला उत्तर न देणं. स्वतःच्या शरीरावर माझा हक्क आहे, पण तिच्या मायेला माझ्या ॲपचा हिशेब ऐकवण्याचा नाही.

म्हणून आमचा नियम असा झाला : एकट्यानं गोड नाही. लॅपटॉपसमोर नाही, कंटाळा आला म्हणून नाही, चहात सवयीनं नाही. माणसासोबत, माणसाच्या हातचं, अर्धी पोळी. हा नियम ताईनं सुचवला. वर्षातली बहुतेक साखर ही एकट्यानं, चव न कळता खाल्लेली असते. सणाची साखर त्यामानाने किती थोडी! जीभ मारण्यापेक्षा जीभ जागी ठेवणं मला जास्त खरं वाटतं. पण याची दुसरी बाजूही हवी. वाढणाऱ्यानं एकदा विचारावं, दुसऱ्यांदा आग्रह करावा, तिसऱ्यांदा थांबावं. "माझ्या हातचं नाही खात काय?" हा प्रश्न मायेचा असला, तरी ज्याच्या घरात शुगर आहे त्याच्यासाठी तो फार महाग पडतो.

मग कौतुक करायचंच नाही का? करावं, पण जे माणसाच्या हातात आहे त्याचं. ताई दहा महिने पावणेसहाला कोपऱ्यावर आली, ही गोष्ट कौतुकाची आहे. डबा उघडून मुलाला दिला आणि झाकण लावलं, ही कौतुकाची आहे. यातलं काहीच बघून कळत नाही, विचारावं लागतं. आणि विचारायला वेळ नसेल तर दुसऱ्याच्या शरीरावर न बोलणं हा फुकटचा आणि अगदी सोपा शिष्टाचार आहे. त्याला इच्छाशक्तीही लागत नाही.

आता मला कुणी विचारलं, "कसं केलं?" तर मी तीन ओळींची पद्धत सांगतो आणि चौथी जोडतो : "हेच ताईनं पण केलं, माझ्यापेक्षा नेमानं. मला आकडा बरा लागला." काही जण हसतात, त्यांना वाटतं विनय दाखवतोय. दाखवत नाही, हिशेब सांगतोय. नगरपालिकेकडे त्या रस्त्यावरच्या दिव्यांचा अर्ज आम्ही दोघांच्या सहीनं दिला आहे. दिवे लागले तर मी गावात नसतानाही तिला चालता येईल. माझ्या बारा किलोंमधून गावाला काही मिळायचं असेल, तर ते कौतुकापेक्षा त्या दिव्यांच्या रूपानं मिळालेलं बरं.